दख्खनच्या पाषाणातील स्फटिकांची वाढ

महाराष्ट्रातील काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत झिओलाइट गटातील (रचनेत पाणी सामावणारी सिलिकेट) खनिजे, अपोफिलाइट, कॅल्साइट व क्वार्ट्झ यांचे स्फटिक आढळतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरले. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने पाषाणातलीच सिलिका, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम विरघळवून तिथे आणून सोडले. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात रेल्वेमार्ग खोदला गेला तेव्हा असे नमुने मोठ्या संख्येने उजेडात आले. आज ते मुख्यतः पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील दगडखाणींत आणि विहिरी खोदताना मिळतात.

द्रावण अतिसंपृक्त असेल, म्हणजे मावेल त्याहून जास्त द्रव्य त्यात असेल, तरच स्फटिक वाढतो. ही अतिसंपृक्तता किती, यावर त्याचे रूप बरेचसे अवलंबून असते. ती थोडी असली की सुरुवातीची केंद्रके, म्हणजे स्फटिकांची बीजे, मोजकीच तयार होतात आणि प्रत्येकाला भरपूर वाव मिळतो. येणारे कण पृष्ठावरच्या सूक्ष्म पायऱ्यांच्या कडेला बसत जातात, थरामागून थर पुरा होतो, फलक, म्हणजे स्फटिकाच्या बाजू, सपाट राहतात. पायऱ्या संपल्या तर वाढ थांबायला हवी. तरीही ती का थांबत नाही, याचे उत्तर ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ एफ. सी. फ्रँक यांनी १९४९ मध्ये दिले. रचनेत मळसूत्री दोष, म्हणजे अणूंचे थर गोल जिन्यासारखे चढत गेल्याची चूक, असेल तर पायरी त्याच्याभोवती गोल गोल फिरत राहते, कधीच संपत नाही. अशी सर्पिल उंचवट्यांची नक्षी पुढे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसली.

अतिसंपृक्तता फार वाढली की कोपऱ्यांना व कडांना द्रव्य अधिक मिळते आणि फलकाचा मधला भाग मागे पडून खोलगट होतो. त्याहून घाईची वाढ असेल तर सुटे स्फटिक न बनता गोलसर पुंजके बनतात. आणखी एक गोष्ट नवख्याला उलटी वाटते: जो फलक झपाट्याने वाढतो तोच आक्रसत जाऊन नाहीसा होतो. पूर्ण वाढलेल्या स्फटिकावर दिसतात ते संथ वाढलेले फलक. द्रावणातली अशुद्धी एखाद्या फलकाला चिकटून त्याची गती रोखते, तेव्हा त्याच खनिजाचा आकार बदलतो.

तापमानाचा सर्वांत सुंदर दाखला पुण्याजवळच्या वाघोलीचा आहे. तिथले निळे कॅव्हन्साइट आणि पेंटॅगोनाइट यांचे रासायनिक सूत्र एकच आहे, पण अणूंची मांडणी वेगळी. पेंटॅगोनाइट अधिक तापमानाला तयार होते. ही दोन्ही खनिजे प्रथम अमेरिकेतील ओरेगनमध्ये सापडली व १९७३ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. मात्र जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेले कॅव्हन्साइटचे नमुने बहुतांशी वाघोलीचे असतात.

अपोफिलाइट झिओलाइटांच्या सोबतीने सापडते, पण त्या गटातले नाही. त्याच्या उभ्या फलकांवर लांबीच्या दिशेने बारीक रेघा असतात. झिओलाइट गटातल्या स्टिल्बाइटच्या पात्या मात्र टोकांना पसरून जुडीसारख्या दिसतात. पाणी पुन्हा असंपृक्त झाले तर तयार फलकही झिजतो आणि त्यावर भौमितिक आकाराचे खळगे पडतात. म्हणून पृष्ठ पाहून वाढीनंतरचा काळही वाचता येतो. हे वाचन टिकवायचे तर नमुना आम्लाने धुऊ नये. वर जमलेले कॅल्साइट काढायला वापरलेले हायड्रोक्लोरिक आम्ल अपोफिलाइट व स्टिल्बाइट यांनाही खाते, आणि त्याने पडलेले खळगे पाहून अभ्यासकाची फसगत होऊ शकते.