सीमलेस टाइल

संगणकाचा पडदा, वेबपान, छापील कागद किंवा कापड यांवर एकच लहान चौकोनी चित्र आडवे-उभे पुन्हा पुन्हा मांडून मोठी पार्श्वभूमी भरली जाते, तेव्हा त्या चित्राला टाइल म्हणतात. आणि दोन टाइल जिथे भिडतात तिथला सांधा डोळ्यांना दिसत नसेल, तर ती सीमलेस टाइल होय. त्यासाठी उजवी कड डाव्या कडेशी व खालची कड वरच्या कडेशी जुळावी लागते. दोन्ही कडांवर हुबेहूब तेच पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके) ठेवले, तर मांडणीत एकच रांग लागोपाठ दोनदा येते. म्हणून खरी अट अशी की उजव्या कडेनंतर डावी कड ठेवली असता ती चित्राच्या आतल्या कोणत्याही दोन शेजारी रांगांइतकीच स्वाभाविक दिसावी.

वेबपानामागे चित्र पसरण्याची सोय नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राउझरच्या १.१ या आवृत्तीने १९९५ मध्ये आणली. मोडेमच्या त्या काळात पूर्ण पडद्याएवढे चित्र उतरायला फार वेळ लागे, तर काही किलोबाइटची टाइल सारे पान भरून टाकी. डिसेंबर १९९६ मध्ये मंजूर झालेल्या सीएसएस या वेबपानांची रूपरचना ठरवणाऱ्या भाषेच्या पहिल्या प्रमाणातही पार्श्वभूमीचे चित्र आपोआप दोन्ही दिशांना पसरेल असेच ठरवले गेले. आज त्रिमितीय खेळांतील भिंती व जमिनी आणि कापडछपाई ही या तंत्राची मोठी क्षेत्रे आहेत.

छायाचित्रापासून टाइल करण्याची रूढ पद्धत ‘ऑफसेट’ या क्रियेवर उभी आहे. समजा, जांभ्या दगडाच्या पृष्ठभागाच्या छायाचित्रातून ५१२ × ५१२ पिक्सेलचा तुकडा कापला. त्याचे उभे स्तंभ ० ते ५११ असे मोजले, तर मांडणीत ५११ वा स्तंभ आणि शेजारच्या टाइलचा ० वा स्तंभ एकमेकांना भिडतात. चित्र २५६ पिक्सेल उजवीकडे सरकवून बाहेर गेलेला भाग डावीकडून आत घेतला, की हेच दोन स्तंभ २५५ व २५६ या जागी, म्हणजे ऐन मध्यभागी येतात. नव्या कडांवर मूळचे २५६ व २५५ हे स्तंभ पोचतात. ते मुळातच शेजारी असल्याने कडा आपोआप जुळतात. उभ्या दिशेनेही असेच सरकवल्यावर सगळा दोष मध्यभागी एका ठळक फुलीच्या रूपाने समोर येतो. फोटोशॉप या चित्रसंपादन प्रणालीत ही क्रिया फिल्टरच्या मेनूत असते व तिथे कड गुंडाळून घेण्याचा पर्याय निवडावा लागतो. गिम्प या तशाच दुसऱ्या प्रणालीत ती लेयरच्या मेनूत असून अर्धे अंतर सरकवण्यासाठी वेगळे बटण आहे.

मग क्लोन स्टॅम्प किंवा हीलिंग ब्रश या चित्राचा एक भाग दुसरीकडे उमटवणाऱ्या साधनांनी, जांभ्याची छिद्रे व लालसर कण इकडून तिकडे आणून फुली बुजवतात. फुलीच्या भुजा चित्राच्या कडेपर्यंत जातात आणि तिथे ब्रश चालवला की जुळलेली कड पुन्हा बिघडते. म्हणून टोके तशीच सोडून, चित्र आणखी एकदा वेगळ्या अंतराने सरकवून उरलेले दोष आत आणून दुरुस्त करतात. गिम्पमधील आपोआप टाइल करणारा फिल्टर चित्र व त्याची सरकवलेली प्रत एकमेकांत मिसळतो. वाळू किंवा कागदाच्या पोताला तो पुरतो, पण ओळखू येणारे आकार त्यात धूसर व दुहेरी होतात.

सांधा घालवणे हा या कामाचा सोपा भाग आहे. पुनरावृत्ती लपवणे अवघड. १९२० × १०८० च्या पडद्यावर ५१२ ची टाइल आडवी पावणेचार वेळा येते, आणि जांभ्यातले एकच मोठे काळे छिद्र ठरावीक अंतरावर रांगेने उभे राहते. एका बाजूने उजेड जास्त पडला असेल, तर दूरून ठरावीक अंतरावर पट्टे उमटतात. यासाठी छायाचित्र ढगाळ उजेडात समोरून घ्यावे, उजेडाची उरलेली चढ-उतार हाय पास फिल्टरने (तो बारीक तपशील ठेवून मोठे, संथ बदल काढतो) सपाट करावी आणि लक्ष वेधणारी प्रत्येक खूण पुसावी. टाइल एकटी पाहून पारखू नये. पसरून, लहान करून पाहावी. क्रिटा या चित्र रंगवण्याच्या प्रणालीत डब्ल्यू ही कळ दाबली की चित्र सर्व दिशांना पसरलेले दिसते व तसेच रंगवताही येते. फोटोशॉपमध्ये अशी पूर्वदृश्याची सोय २०२१ च्या आवृत्तीपासून आहे.

तयार टाइल नंतरच्या संस्कारांतही बिघडते. धूसर किंवा तीक्ष्ण करणाऱ्या फिल्टरला कडेपलीकडचा शेजारी ठाऊक नसतो. तेव्हा नऊ टाइल तीन बाय तीन मांडून फिल्टर लावावा आणि मधली कापून घ्यावी. जेपीईजी ही चित्र साठवण्याची पद्धत चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे ठोकळे स्वतंत्रपणे दाबते, त्यामुळे कडेवरचे रंग किंचित बदलून नाहीसा केलेला सांधा परत डोकावतो. चित्रातले काहीच न गमावता साठवणाऱ्या पीएनजीत हा धोका नाही.

भौमितिक नक्षीची अडचण वेगळी असते. सपाट पृष्ठभागावर दोन दिशांना पसरणाऱ्या नक्षीच्या सममितीचे नेमके १७ प्रकार असल्याचे रशियन गणिती फेदोरोव्ह यांनी १८९१ मध्ये सिद्ध केले. नियमित षट्कोनांच्या नक्षीला लागणाऱ्या आयताच्या बाजूंचे गुणोत्तर तीनच्या वर्गमूळाइतके असते, आणि ते पूर्ण पिक्सेलांत कधीच तंतोतंत बसत नाही. ५६ × ९७ किंवा ९७ × १६८ अशी मापे मात्र इतकी जवळची आहेत की फरक डोळ्यांना कळत नाही.

एकाच टाइलची पुनरावृत्ती टाळण्याचे मार्गही आहेत. तर्कशास्त्रज्ञ हाओ वांग यांनी १९६१ मध्ये तर्कशास्त्राच्या एका प्रश्नासाठी मांडलेल्या रंगीत कडांच्या टाइल पुढे संगणकीय चित्रणात उपयोगी पडल्या : कडा जुळणाऱ्या पण आतून वेगळ्या अशा मोजक्या टाइल अनियमित क्रमाने मांडल्या, की जांभ्याचे तेच छिद्र ठरावीक अंतरावर पुन्हा दिसत नाही.