एव्हरीथिंग बट आर्म्स

युरोपीय संघाने जगातल्या सर्वांत मागास देशांना दिलेली व्यापारी सवलत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अल्पविकसित देशांच्या यादीत नाव असले, की त्या देशाचा माल युरोपात बिनजकात आणि कोट्याविना जातो. वगळली आहेत ती फक्त शस्त्रे आणि दारूगोळा. नाव त्यावरूनच पडले. मार्च २००१ मध्ये ती लागू झाली. तीत कोणाच्या हातावर पैसा ठेवला जात नाही, संघ आपली जकात तेवढी सोडतो.

सुरुवात मात्र नावाइतकी सढळ नव्हती. युरोपातल्या उत्पादकांना झळ बसू नये म्हणून केळी २००६ पर्यंत, तर साखर आणि तांदूळ २००९ पर्यंत अडवून ठेवले होते. गरीब देशांना विकण्यासारखे असते ते बहुधा हेच!

खरी मेख जकातीत नसून माल कोणत्या देशाचा मानायचा, या नियमांत होती. तयार कपड्यांवर युरोपात सर्वसाधारणपणे १२ टक्के जकात बसते. ती माफ व्हायची तर कापड तयार करणे आणि शिवणे ही दोन्ही कामे त्याच देशात व्हावी लागत. बांगलादेशात सुताचे होजिअरी कापड विणून टी-शर्ट शिवण्याची सोय होती, त्यामुळे तो धंदा फोफावला. सदरे आणि पँटींचे कापड मात्र बरेचसे बाहेरून येई, म्हणून ते सवलतीबाहेर राहत. १ जानेवारी २०११ पासून नुसती शिलाईही पुरेशी ठरली आणि या कपड्यांची निर्यातही वाढली. जकातीचा दर आधीही शून्य होता, नंतरही शून्यच. बदलली ती फक्त अट. भारतीय कापूस आणि सूत बांगलादेशच्या गिरण्यांत जाते. त्याचा तिथे शिवलेला टी-शर्ट युरोपात बिनजकात उतरतो. भारतात शिवलेल्या टी-शर्टवर मात्र वर्षानुवर्षे जकात भरावी लागली.

सवलत एकतर्फी असल्याने ती काढून घेणेही संघाच्याच हाती असते. कंबोडिया आणि म्यानमारच्या तांदळावर जानेवारी २०१९ पासून तीन वर्षांसाठी पुन्हा जकात बसवली गेली. पहिल्या वर्षी ती टनामागे १७५ युरो होती. राजकीय हक्कांच्या गळचेपीवरून ऑगस्ट २०२० मध्ये कंबोडियाच्या युरोपकडे जाणाऱ्या सुमारे एक पंचमांश निर्यातीची सवलत थांबवण्यात आली.

देशाने प्रगती केली तरी सवलत जाते, फक्त तीन वर्षांची मुदत मिळते. मालदीव २०११ मध्ये यादीतून बाहेर पडले आणि २०१४ पासून त्यांच्या टूनावर, म्हणजे कोकणातल्या कुप्यावर, युरोपात जकात सुरू झाली.