फॉरमॅटचा पुनर्वापर (स्प्रेडशीट)

स्प्रेडशीटमधील एका सेलचे (नोंदीच्या चौकोनाचे) अक्षर, रंग, चौकट, मजकुराची बाजू आणि आकडा किंवा तारीख दाखवण्याची पद्धत दुसऱ्या सेलवर जशीच्या तशी चढवणे. सेलमधील मूळ नोंद यात बदलत नाही. रावेरच्या केळी व्यापाऱ्याच्या पट्टीत ६८५० ही रक्कम ६,८५०.०० अशी दिसू लागली, तरी बेरजेला ती ६८५०च असते.

एक्सेलमध्ये या कामासाठी होम टॅबच्या डाव्या टोकाला ‘फॉरमॅट पेंटर’ हा ब्रश असतो. नमुन्याचा सेल निवडून ब्रशवर एकदा क्लिक केले, की तो एकाच वापरापुरता हाती राहतो. डबल क्लिक केल्यास एस्केप दाबेपर्यंत सुटत नाही. एक्सेलवर हात बसलेल्यांनाही ही दुसरी गोष्ट पुष्कळदा ठाऊक नसते. गुगल शीट्समध्ये ‘पेंट फॉरमॅट’, तर लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये ‘क्लोन फॉरमॅटिंग’ हेच काम करते. एक्सेलचा ब्रश अख्ख्या कॉलमवरून घेतला तर रुंदीही सोबत येते. मर्ज केलेले, म्हणजे एकात जोडलेले सेलही तसेच येतात, आणि मग सॉर्टिंग, म्हणजे नोंदी क्रमाने लावणे, अडते.

ब्रशने चढवलेला फॉरमॅट मूळ सेलशी बांधलेला नसतो. मूळ सेलचा रंग बदलला, तरी बाकीचे जुन्याच रंगात राहतात. जिनिंगच्या हिशेबात महिन्याला एक अशी बारा शीट असतील, तर ‘सेल स्टाइल’ (नाव देऊन ठेवलेला फॉरमॅट) बरी : स्टाइलची व्याख्या एकदा बदलली, की त्या वर्कबुकमधील, म्हणजे एक्सेलच्या फाइलमधील, ती स्टाइल लावलेले सगळे सेल बदलतात. एक्सेल २००३ पर्यंत एका वर्कबुकमध्ये सुमारे ४,००० वेगवेगळे सेल फॉरमॅट मावत. २००७ पासून ही मर्यादा सुमारे ६४,००० झाली.

गट क्रमांकांच्या याद्यांत मात्र फॉरमॅट आधी की नोंद आधी, याला महत्त्व येते. भारतीय तारीखपद्धतीच्या संगणकावर १२/३ हा गट क्रमांक टाइप केला, की एक्सेल त्याची १२ मार्च ही तारीख करते. त्यावर नंतर ‘टेक्स्ट’ फॉरमॅटचा ब्रश फिरवला तर गट क्रमांक परत येत नाही. नोंद २०२४ साली केलेली असेल तर ४५३६३ हा त्या तारखेचा अनुक्रमांक, म्हणजे एक्सेल तारीख ज्या आकड्याने साठवते तो, दिसतो. ‘टेक्स्ट’ फॉरमॅट रिकाम्या कॉलमला आधीच द्यावा लागतो. सातबारा शब्दाऐवजी आकड्यांत लिहिणाऱ्याचीही हीच गत होते.

जुन्या मराठी याद्यांत ब्रश जपून वापरावा लागतो. युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र संकेत देणारी पद्धत) रुळण्यापूर्वी शिवाजी, कृतिदेव अशा फाँटमध्ये टाइप केलेल्या मजकुरात सेलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. त्यांना देवनागरी रूप फक्त फाँट देतो. धुळे, नंदुरबारकडच्या अशा एखाद्या यादीत इंग्रजी शीर्षकावरचा ब्रश नावांच्या कॉलमवर फिरला, तर शेतकऱ्यांची नावे क्षणात रोमन अक्षरांचे कडबोळे होतात. फाइल बिघडली असे समजून यादी पुन्हा टाइप करायला बसणारेही भेटतात. त्याची गरज नसते. साठवलेली अक्षरे जागच्या जागीच असल्याने जुना फाँट पुन्हा दिला, की नावे परत वाचता येतात. युनिकोडमधील यादीत हा प्रश्न येत नाही. तिथे फाँट बदलला तरी अक्षर देवनागरीच राहते.