रेड नोटीस

परदेशात दडलेल्या फरार आरोपीला शोधून प्रत्यार्पणासाठी, म्हणजे मागणी करणाऱ्या देशाच्या हवाली करण्यासाठी, ताब्यात घ्यावे, अशी एका देशाने इंटरपोल या आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेमार्फत इतर देशांच्या पोलिसांना केलेली विनंती. भारतात ‘रेड कॉर्नर नोटीस’ हेच नाव रूढ आहे. बातम्यांत ती आरोपीला ‘बजावली’ जाते. प्रत्यक्षात तो पोलिसांनी पोलिसांना धाडलेला निरोप असतो, अटक वॉरंट नव्हे. अटक करायची की नाही, हे प्रत्येक देश आपल्या कायद्याप्रमाणे ठरवतो. फ्रान्समधील लियों येथे मुख्यालय असलेल्या इंटरपोलचे 196 देश सदस्य आहेत, पण कुणाला बेड्या ठोकण्याचा अधिकार तिला नाही.

आरोपी कोणत्या शहरात, कोणत्या नावाने राहतो याची खबर बहुधा आधी गुप्तचरांना लागते. खबर मात्र नोटिशीला पुरत नाही. त्यासाठी न्यायालयाचे वॉरंट, गुन्ह्याची हकिगत, कलमे आणि ओळख पटवणारा तपशील लागतो. बोटांचे ठसे असतील तर उत्तमच. ही कागदपत्रे तपास यंत्रणा जमवते आणि सीबीआयच्या दिल्लीतील इंटरपोल कक्षामार्फत पाठवते. या पत्रव्यवहारासाठी जानेवारी 2025 मध्ये ‘भारतपोल’ हे पोर्टल सुरू झाले. राजकीय, लष्करी, धार्मिक वा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणांत पडण्यास इंटरपोलला तिच्या घटनेच्या कलम 3 ने मनाई आहे. म्हणूनच गुप्तचरांना ‘देशद्रोही’ वाटणारा माणूस नोटिशीत मात्र खून, खंडणी, स्फोट अशा साध्या फौजदारी भाषेतच मांडावा लागतो.

माणूस सापडला तरी खरी कसोटी पुढेच. मार्च 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांतील आरोपी अबू सालेम सप्टेंबर 2002 मध्ये लिस्बनला पकडला गेला. त्याला भारतात आणायला नोव्हेंबर 2005 उजाडला. फाशी देणार नाही आणि 25 वर्षांहून अधिक कैद होणार नाही, अशी लेखी हमी तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी पोर्तुगालला दिली होती. प्रत्यार्पणाच्या परवानगीत नसलेली जादा कलमे इथे लावली गेल्यावर तिथल्या न्यायालयाने 2011 मध्ये प्रत्यार्पणाची परवानगीच रद्द ठरवली. भारताने मात्र सालेमला परत पाठवले नाही. 2017 मध्ये मुंबईच्या विशेष टाडा (दहशतवादविरोधी कायदा) न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली, तेव्हा जुनी हमी पुन्हा आडवी आली. ती पाळावीच लागेल आणि 25 वर्षे भरल्यावर केंद्राने राष्ट्रपतींना उरलेली शिक्षा माफ करण्याचा सल्ला द्यावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2022 मध्ये दिला.