तुकडा कशाला म्हणायचं? पुणे जिल्ह्यातल्या लहान शेतीची पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्यात शेतीचं वर्ष एक नाही. मुळशी-मावळात ते उन्हाळ्यात राब, म्हणजे रोपांसाठीची जागा पालापाचोळा घालून, भाजण्यापासून सुरू होतं आणि आषाढात भाताची आवण (लावणी) उरकली की घरातल्या माणसांची पाठ जरा सरळ होते. पुरंदर, शिरूर, दौंडकडे मृगात बाजरी पेरतात, पण खरी नजर असते हस्ताच्या पावसावर, कारण रब्बीची ज्वारी त्याच ओलीवर उभी राहते. घटस्थापनेला घरात परडीत जी माती आणतात ती आपल्याच शेतातली असते, आणि घटातलं धान कसं उगवलं यावरून रब्बीच्या बियाण्याचा अंदाज बांधणारी म्हातारी माणसं अजून आहेत.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावात साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उत्खननात सापडली, इतकी ही शेती जुनी. पण जमिनीच्या तुकड्यांवरचे आजचे वाद त्या काळातून आलेले नाहीत. ते आले इंग्रजी महसुलातून. 1836 च्या सुमारास इंदापुरात जमिनीची प्रतवारी लावून तीस वर्षांचा सारा ठरवला गेला आणि शेत म्हणजे नंबर व आकार (ठरलेला सारा) असलेली वस्तू झाली. नंबर पडला की शेत गहाण ठेवणं सोपं झालं. 1875 मध्ये बारामतीकडच्या सुप्यात सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्यामागचं हेही एक कारण.

खरा गुंता ‘तुकडा’ या शब्दाचा आहे.

1917 मध्ये पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथली सरासरी धारणा, म्हणजे एका शेतकऱ्याकडची जमीन, 1771 मध्ये 40 एकर होती, ती 1914-15 पर्यंत 7 एकरांवर आली होती. (त्या गावात आता शेत शोधावं लागतं, इमारती शोधाव्या लागत नाहीत.) हा आकडा पुढे इतक्यांदा सांगितला गेला की ‘शेतकरी गरीब, कारण शेताचे तुकडे झाले’ हे गृहीतच होऊन बसलं. लगेच 1918 मध्ये एका तरुण अर्थतज्ज्ञाने वेगळी मांडणी केली: शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, त्यात औतं, बैल, भांडवल किती आहे यावर ठरतं, आणि जमिनीवर जगणारी जादा माणसं उद्योगांकडे वळवल्याशिवाय दुखणं बरं होणार नाही. 1927 मध्ये मुंबई विधिमंडळात लहान धारणांविषयीचं विधेयक आलं, तेव्हा त्याला कडाडून विरोध झाला आणि ते मागे पडलं. स्वातंत्र्याच्या वर्षी, 1947 मध्ये, तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा मात्र झाला. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, कमी जमीन म्हणजे तुकडा. तो पडेल अशी विक्री किंवा वाटणी करता येणार नाही, आणि असलेला तुकडा विकायचा तर लगतच्या शेतकऱ्यालाच.

कायद्याने तुकडा मोजला तो क्षेत्रफळात. घराने तो कधीच तसा मोजला नव्हता. तीन भावांत वाटणी व्हायची तेव्हा मळईचं (नदीकाठच्या गाळाचं) रान एकाला, माळ दुसऱ्याला, विहिरीजवळची पट्टी तिसऱ्याला अशी सरळ वाटणी क्वचितच व्हायची. प्रत्येक रानाचे तीन भाग पडायचे. मुरमाड रान खरिपाचं, ते लवकर वापशावर येतं, म्हणजे मशागतीजोगं होतं, आणि लवकर सुकतं. काळं रान रब्बीचं, ते ओल धरतं. मावळात ओढ्याकाठचं खाचर भाताचं, उतारावरचं वरकस नाचणी-वरईचं. एकाच भावाच्या वाट्याला नुसता माळ आला आणि मृग कोरडा गेला, तर त्याच्या पोरांनी वर्षभर काय खायचं? प्रत्येक रानात हिस्सा असणं म्हणजे प्रत्येक हंगामात हिस्सा असणं. ज्याला कचेरीत मागासपणा म्हटलं गेलं, तो विमा होता. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले, कागदावर शेतं सलग झाली, पण पाण्याची आणि मातीची सरमिसळ त्या हिशेबात पुरती धरली गेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

परिणाम असा झाला की वाटण्या थांबल्या नाहीत, तोंडी झाल्या. भाऊ वेगळे कसतात, चुली वेगळ्या, बांध वेगळा, आणि सातबाऱ्यावर सगळी नावं सामाईक. पीककर्ज काढायचं, विहीर पाडायची किंवा नुकसानभरपाई घ्यायची वेळ आली की सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि तिथे बोलणं तुटतं. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, देशाने 2005 मध्ये. तरीही माहेरच्या जमिनीचं हक्कसोडपत्र बहिणीकडून ‘तुकडा नको पडायला’ या सबबीवर घेतलं जातं. ज्या घरात भावांचे चार हिस्से बिनदिक्कत पडतात, त्याच घरात हे ऐकायला मिळतं.

हंगाम तर केव्हाच बदलले होते. नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरला ऊस आला. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा राहतो, म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंतचा हिशेबच मोडला. 1972 च्या दुष्काळात घरंच्या घरं खडी फोडायला आणि तळी खोदायला गेली. त्यानंतरच्या काळात संकरित गाई आल्या. दुधाला सुगी नाही आणि सुट्टीही नाही. पहाटे आणि संध्याकाळी धार काढायची, वैरण तोडायची, आणि हे काम बहुतेक ठिकाणी बाईच्या अंगावर पडलं. वापसा आला की एकबैली घरं एकमेकांत वारंगुळा करायची, म्हणजे बैल जोडून आळीपाळीने एकमेकांचं रान करायची, तो ट्रॅक्टरने संपवला. सावड, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबणं, मावळात भातलावणीपुरती काही ठिकाणी टिकून आहे.

राज्यातली सरासरी धारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, 2015-16 मध्ये 1.34 हेक्टर उरली. शहर पसरलं तशी पुण्याच्या आसपास गुंठ्यांची खरेदी-विक्री वाढली आणि ‘अकरा गुंठे’ हा शब्द जाहिरातींत रुळला. जुलै 2021 मध्ये तुकड्यांचे दस्त नोंदवू नयेत असं परिपत्रक निघालं, 2022 मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. ऑगस्ट 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी नवं प्रमाणभूत क्षेत्र ठरलं: बागायत 10 गुंठे, जिरायत 20 गुंठे. म्हणजे अर्ध्या एकराची जिरायत शेती कायद्याने पुरेशी ठरली. ज्या कायद्याची सुरुवात 7 एकर अपुरे म्हणण्यातून झाली, तो इथवर आला.

2025 मध्ये शहरी पट्ट्यांतले तुकडे नियमित करण्याचा निर्णय जाहीर झाला, तो मुख्यतः घरं बांधून बसलेल्यांसाठी. त्याच वर्षी शेतजमिनीच्या वाटपपत्राचं नोंदणी शुल्कही माफ झालं, त्यामुळे तोंडी वाटण्या कागदावर आणणं स्वस्त झालं. पण माळातला, मळईतला आणि विहिरीजवळचा असा प्रत्येक रानातला हिस्सा लिहायला गेलं, तर त्यातला एखादा दहा गुंठ्यांखाली येतोच, आणि तो कागद तिथेच अडतो.