गोळीचा धक्का आणि मिरचीचा ठसका

गेल्या महिन्यात सिअ‍ॅटलहून भाच्याचा मेसेज आला. "मामा, ऑगस्टमध्ये आम्ही चौघं अलास्काला ट्रेकला चाललोय. ग्रुपमधला एकजण म्हणतो, कमरेला दहा एमएमचं पिस्तूल असल्याशिवाय त्या जंगलात पाऊल टाकू नये. तू फिजिक्स शिकवायचास ना? सांग, खरंच लागतं का?"

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक क्लिप फिरत होती. आम्ही गोरेगाव पूर्वेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आरेच्या जंगलाच्या अगदी कडेला राहतो. पहाटे सव्वातीनला बिबट्या पार्किंगमधून निवांत चालत गेला, दोन स्कूटरच्या मधून वाट काढून, एखादा रहिवासी उशिरा घरी यावा तसा. खाली शंभर मेसेज. त्यातला एक दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा: "रिव्हॉल्व्हरच्या लायसनला अर्ज करावा म्हणतो. एक गोळी, विषय संपला."

दोन खंडांवरच्या या दोन प्रश्नांच्या मुळाशी समज मात्र एकच आहे. गोळी लागली की समोरचा जागच्या जागी उलटा पडतो, हे आपण सिनेमात इतक्यांदा पाहिलंय की ते निसर्गाचा नियमच वाटायला लागलंय. नियम वेगळाच आहे, आणि तो नववीच्या पुस्तकात आहे.

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. दहा एमएमची जड गोळी साधारण १३ ग्रॅमची असते आणि नळीतून सेकंदाला ३६५ मीटरच्या आसपास वेगाने सुटते. गुणाकार येतो ४.७. आता शिवाजी पार्कवर या. लेदरचा चेंडू १६० ग्रॅमचा. क्लबातला बरा वेगवान गोलंदाज तो ताशी ११० किलोमीटरने टाकतो, म्हणजे सेकंदाला साडेतीस मीटर. गुणाकार ४.९. म्हणजे ज्या पिस्तुलाचा एवढा दरारा, त्याच्या गोळीत ढकलण्याची ताकद मैदानातल्या एका चेंडूएवढीही नाही. तो चेंडू पॅडवर बसला की फलंदाज कळवळतो आणि आशेने अंपायरकडे बघतो; स्टंपांवरून उडून विकेटकीपरच्या अंगावर काही जाऊन पडत नाही. आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळू शकतं त्या .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरची गोळी तर सहा-साडेसहा ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे २१५ मीटर. संवेग १.४. गल्लीत ताशी पंच्याऐंशीने टाकलेल्या टेनिस बॉलएवढा. काकांना हे सांगितल्यापासून ते लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत.

समजा ३०० किलोचं तपकिरी अस्वल सेकंदाला १३ मीटर वेगाने अंगावर येतंय. त्याचा संवेग ३९००. दहा एमएमची गोळी त्याच्या अंगात पूर्ण रुतली, तर त्याचा वेग किती कमी होईल? सेकंदाला दीड सेंटिमीटर. १३चे झाले १२.९८. आणि गणित नको असेल तर न्यूटनचा तिसरा नियम आहेच. गोळीला जेवढा संवेग मिळतो तेवढाच उलट दिशेने झाडणाऱ्याच्या मनगटाला मिळतो. जळलेल्या दारूचे वायू नळीतून बाहेर पडतात, त्यामुळे थोडा जास्तच. गोळीने अस्वल मागे फेकलं जात असतं, तर झाडणारा त्याच्याही आधी मागच्या नदीत गेला असता.

मग गोळी जीव कशी घेते? तिथे संवेगाचं काम नाही, ऊर्जेचं आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते, त्यामुळे चेंडूकडे ७५ ज्यूल असतात आणि गोळीकडे ८६०च्या पुढे. ही ऊर्जा चिमूटभर जागेत उतरते आणि भोक पाडते. पिस्तूल हे भोक पाडायचं यंत्र आहे. भोक कुठे पडलं यावर पुढचं सगळं अवलंबून. मेंदूत किंवा मानेच्या मणक्यातल्या मज्जारज्जूत पडलं तर शरीर त्याच क्षणी थांबतं. बाकी कुठेही पडलं तर वाट बघावी लागते, रक्त वाहून रक्तदाब पडण्याची. अमेरिकेच्या एफबीआयने १९८९ मध्ये पिस्तुलाच्या जखमांवर एक टिपण काढलं होतं. त्यातलं एक वाक्य मी वर्गात नेहमी सांगायचो: हृदय पूर्ण निकामी झालं तरी मेंदूत दहा ते पंधरा सेकंद ठरवून हालचाल करण्यापुरता ऑक्सिजन शिल्लक असतो. दहा सेकंदांत आपलं अस्वल १३० मीटर जाईल. तुमच्यातलं आणि त्याच्यातलं अंतर असेल तीस.

त्यात वेळेचा हिशेब. १९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर या पोलिसाने दाखवून दिलं की कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढून नेम धरून झाडायला सरावलेल्या माणसालाही साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्यात चाकूवाला माणूस साडेसहा मीटर पार करतो. अस्वल करेल वीस.

म्हणजे पिस्तूल कुचकामी? तसंही नाही. अलास्कातल्या १८८३ ते २००९ मधल्या २६९ घटनांचा अभ्यास टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो या अस्वलांच्या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये छापला. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरने अस्वलाला आवरण्यात ८४ टक्के वेळा यश आलं होतं, लांब नळीच्या बंदुकीने ७६ टक्के. आवाज, धूर, वेदना, एकामागून एक गोळ्या, यातल्या कशानेही अस्वलाचा विचार बदलू शकतो. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. बंदूक जवळ असून ज्यांनी ती झाडली आणि ज्यांनी झाडली नाही, त्यांच्या जखमी होण्याच्या प्रमाणात फरकच सापडला नाही. याच मंडळींनी २००८ मध्ये अस्वल पळवण्यासाठी डब्यात मिळणाऱ्या मिरचीच्या फवाऱ्याचा हिशेब मांडला होता. तपकिरी अस्वलाचं नको ते वागणं ९२ टक्के वेळा थांबलं, आणि जवळून फवारा मारणाऱ्या शंभरातली अठ्ठ्याण्णव माणसं ओरखडाही न उठता परतली. हे दोन अभ्यास एकाच तराजूत घालू नयेत. बंदुकीच्या घटनांत चवताळलेली अस्वलं जास्त होती, फवाऱ्याच्या घटनांत नुसती उत्सुकतेने जवळ आलेलीही बरीच. तरीही, एवढा मोठा प्राणी मिरचीला का भितो?

माझ्या आवडीचा भाग इथून सुरू होतो, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

लवंगी मिरचीचा ठेचा केल्यावर हात साबणाने दोनदा धुतले आणि तासाभराने नकळत डोळा चोळला, हा प्रसंग प्रत्येक मराठी घरात घडलेला असतो. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून तोंड भाजलं की पाणी पिऊन काही होत नाही, दूध-दही खावं लागतं. तेलकटपणाचा हाच गुण फवाऱ्यातही उपयोगी पडतो. पेशीचं पटलसुद्धा स्निग्ध पदार्थांचंच असतं, त्यामुळे कॅप्सेसिन त्यात सहज शिरतं. तिथे, वेदना वाहून नेणाऱ्या चेतापेशींच्या पटलात, एक प्रथिन बसलेलं असतं: टीआरपीव्ही-१. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने त्याचा जनुक शोधला आणि २०२१ मध्ये ज्युलियस यांना त्यासाठी नोबेल मिळालं, आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत विभागून.

हे प्रथिन म्हणजे एक दार आहे. त्याचं रोजचं काम तापमान मोजणं. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर गेलं की ते उघडतं, कॅल्शियम आणि सोडियमचे आयन आत घुसतात, चेतापेशी पेटते आणि मेंदूला तार जाते: भाजतंय. दाराची रचना अशी, की चार सारखे तुकडे फुलाच्या पाकळ्यांसारखे उभे आणि मधे भोक. प्रत्येक तुकडा पटलातून सहा वेळा आरपार जातो. चौथ्या आणि पाचव्या फेरीच्या मधे एक छोटा दुवा आहे. २०१३ मध्ये नमुना गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे दार जवळजवळ अणूअणूने पाहता आलं. कॅप्सेसिनचा रेणू डोकं खाली, शेपूट वर अशा उलट्या अवस्थेत एका खाचेत बसतो आणि त्या दुव्याला बाहेरच्या बाजूला ओढून धरतो. दुवा सरकला की मधलं भोक रुंदावतं. कोयंड्यात काडी अडकवावी तसं. तापमान ३७च असतं, पण दार उघडंच राहतं आणि मेंदूला खात्री पटते की चेहऱ्याला आग लागली आहे. जखम काहीच नसते. गंमत म्हणजे या रेणूचं डोकं व्हॅनिलाच्या वासाच्या रेणूशी सख्खं नातं सांगतं. दाराच्या नावातला 'व्ही' तिथूनच आला.

आता हे अस्वलाच्या चेहऱ्यावर नेऊन बघा. बुबुळावरचा पारदर्शक पडदा हा शरीरातल्या सगळ्यात दाट चेतातंतू असलेल्या भागांपैकी एक. शेजारीच नाकाचं ओलं अस्तर, मग घसा. पापण्या आपोआप मिटतात, श्वासनळ्या आकसतात, ठसका लागतो. यातलं काहीही प्राण्याच्या मर्जीवर नाही. वेदनेचे हे तंतू तसे मंद, त्यातले सगळ्यात आळशी सेकंदाला मीटरभरच धावतात. पण नाकापासून मेंदू वीतभर अंतरावर. पाव सेकंदही लागत नाही. गोळीला वाटाण्याएवढी नेमकी जागा शोधावी लागते, मिरचीला अख्खा चेहरा चालतो.

पक्ष्यांचं मात्र वेगळं. त्यांच्याकडे हेच दार असतं, उष्णता त्यांनाही कळते, पण कॅप्सेसिनची खाच वेगळी असल्याने मिरची त्यांना तिखट लागत नाही. पोपटाला हिरवी मिरची खाऊ घालतो ते त्याच्या शौर्यामुळे नव्हे. झाडाच्या दृष्टीने सोय चांगली आहे. बी दळून टाकणारे उंदीर दूर राहतात आणि बी अख्खं बाहेर टाकणारे पक्षी येतात. दक्षिण अमेरिकेत उंदरांसाठी तयार झालेलं हे हत्यार पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपल्याकडे आणलं आणि आपण त्याची भाजी केली.

अस्वलाच्या फवाऱ्यात कॅप्सेसिन आणि त्याची भावंडं मिळून एक ते दोन टक्के असतात. डबा दाबला की नारिंगी ढग सात-आठ मीटर जातो आणि काही सेकंद हवेत तरंगतो. लोकल ट्रेनमध्ये पर्समध्ये ठेवतात तो छोटा स्प्रे वेगळा, त्याची बारीक धार माणसासाठी असते. एक चूक लोक हमखास करतात: डासांच्या औषधासारखा हा फवारा तंबूवर मारून ठेवतात. वाळलेल्या मिरचीच्या वासाने अस्वलं उलट जवळ येतात, हेही स्मिथ यांनीच नोंदवलंय. विमानात हा डबा केबिनमध्येही चालत नाही आणि सामानातही नाही, तिथे पोचूनच विकत घ्यावा लागतो. पिस्तुलाचं म्हणाल तर भाचा वर्क व्हिसावर. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर त्याला तिकडे बंदूक बाळगायला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

राहिला आमचा बिबट्या. सस्तन असल्याने त्याच्याकडेही हीच दारं. पण तो अस्वलासारखा समोरून, आवाज करत येत नाही. तो मागून, अंधारातून, बसलेल्या किंवा वाकलेल्या आकृतीवर येतो. तिथे पिस्तूलही खिशात राहतं आणि डबाही. सप्टेंबर २०२१ मधली आरेतली ती क्लिप आठवते? ओट्यावर बसलेल्या एका वयस्क बाईंवर मागून झडप पडली आणि त्यांनी हातातल्या आधाराच्या काठीनेच त्याला पिटाळलं. संवेगाचं कुठलंही गणित त्या काठीच्या बाजूने नव्हतं. बिबट्याला हवी असते बिनबोभाट शिकार, आणि समोरची आकृती एकदम उभी राहिली की त्याचा हिशेब चुकतो.

काकांना कायदाही सांगायला हवा होता. १९७२च्या वन्यजीव कायद्यात जीव वाचवताना सद्भावनेने प्राणी मारला गेला तर गुन्हा नाही, हे खरं. पण राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय हत्यार नेणं हाच गुन्हा आहे. आणि सोसायटीच्या आवारात चुकलेली गोळी कुठल्या बाल्कनीत जाईल याचं गणित मला करायचं नाही. ग्रुपवर दुसऱ्या एकाने 'प्राणी पळवणाऱ्या' अल्ट्रासॉनिक यंत्राची लिंक टाकली. तिसऱ्याने बिबट्याचं नख गळ्यात घातलं तर तो जवळ येत नाही, असं सांगितलं. ते नख ज्याचं होतं त्याच्या पायातच होतं, तरी तो मेलाच. आणि ते जवळ बाळगलं तर तुरुंगाची वारी ठरलेली.

१०४ चौरस किलोमीटरच्या उद्यानातून बिबटे कडेला येतात, त्याचं मोठं कारण कुत्री, आणि कुत्री येतात कचऱ्यासाठी. आमच्या मागच्या गेटपाशी दोन महिने कचऱ्याचा ढीग होता. तो हलवायला दहा हजार मेसेज लागले असतील. आता रात्रपाळीचा वॉचमन फेरी मारताना मोठी टॉर्च नेतो आणि मोबाइलवर भजनं लावतो. पहाटे तीनला विठ्ठलाचा गजर ऐकू आल्याने जाग येते, अशी काकांची तक्रार आहे.

भाच्याने परवा व्हिडिओ पाठवला. चौघांनी सरावासाठी मिरची नसलेले डबे घेतले होते आणि समुद्रकिनाऱ्यावर एक जण अस्वल होऊन धावत येत होता. चौघांपैकी तिघं पहिल्या वेळी सेफ्टी क्लिप काढायलाच विसरले. त्यात तो पिस्तूलवाला मित्रही होता. चौथ्याने काढली, पण वाऱ्याकडे तोंड करून दाबली.