बीट जुळले, पट्टीचं काय?

गाणारा बैठकीला बसला की पेटीवाला आधी विचारतो, पट्टी कुठली? काळी एक, पांढरी चार, जी असेल ती. डीजेला हे कुणी विचारत नाही. लोकांना वाटतं बीट जुळले की झालं, आणि बीट तर हल्ली सिंकचं बटण जुळवतं, मग त्यात अवघड काय? ट्रान्समध्ये, म्हणजे नाचायच्या एका इलेक्ट्रॉनिक संगीतात, खूप अवघड आहे, कारण इथे दोन गाणी मिनिट-दीड मिनिट एकमेकांवर वाजत राहतात आणि दोन्हीत सिंथेसायझरचे लांब ओढलेले सूर असतात. नुसता ठेका असता तर चालून गेलं असतं.

टेम्पोचं पटकन सांगतो. १३८ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १३८ ठोके, तर दोन ठोक्यांमध्ये साधारण ४३५ मिलिसेकंद. दुसरं गाणं १३८.१ वर असेल तर मिनिटभरात ते ठोक्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं, म्हणजे ४३ मिलिसेकंद सरकतं आणि एका ठोक्याच्या जागी दोन ऐकू येतात, घोडा दौडल्यासारखे.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. टेक्निक्सचं एसएल-१२०० एमके२ हे टर्नटेबल १९७९ चं, त्यावर वेग ८ टक्के वरखाली करायचा स्लायडर आहे. तबकडी जोरात फिरवली की ठोके जवळ येतात हे दिसतंच, पण तिच्यावरची प्रत्येक लहर पण तेवढीच जोरात धावते म्हणजे सूर पण चढतो. सप्तकात सूर दुप्पट होतो, त्याचे १२ सारखे भाग केले की एकेक पायरी, म्हणजे पेटीची एक पट्टी, १.०५९५ पट, म्हणजे जवळपास ६ टक्के. म्हणून १३२ चं गाणं १४० वर नेलंत की ते जवळपास एक पट्टी वर जातं, पांढरी सहाचं काळी पाच होतं! दोन्ही गाणी मुळात एकाच पट्टीतली होती आणि बीट जुळवायच्या नादात आपणच ती भांडायला लावली. या दोन पट्ट्यांचे सूर, २२० आणि २३३ हर्ट्झ (सेकंदाला तितकी कंपनं), एकत्र वाजले की आवाज सेकंदाला १३ वेळा लहान-मोठा होतो. तानपुरा लावताना अशीच लाट सावकाश ऐकू येते आणि सूर मिळाला की थांबते, पण १३ वेळा झाली की कानाला लाट वाटत नाही, खरखर वाटते. हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८६३ मध्येच मांडलं होतं.

डीजे लोक यासाठी कॅमेलॉट व्हील वापरतात. ते पट्ट्यांचं चाक आहे, घड्याळासारखे १२ आकडे, प्रत्येक घर म्हणजे एक पट्टी, ए म्हणजे मायनर (कोमल गंधाराची), बी म्हणजे मेजर (शुद्ध गंधाराची). शेजारच्या दोन आकड्यांत सा-पचं अंतर असतं, त्यामुळे ७ पैकी ६ स्वर तेच राहतात आणि ८ए वरून ९ए ला गेलं तर गोड लागतं. पण एक पट्टी वर जायचं तर या घड्याळावर ७ घरं पुढे जावं लागतं, कारण सा-प म्हणजे ७ पट्ट्या, असं सातदा केलं की ४९, त्यातून चार सप्तकांच्या ४८ गेल्या की उरते १. म्हणजे ८ए चं थेट ३ए, जवळजवळ समोरच्या बाजूला.

यावरून आठवलं, पांढरी सहाचा सूर नेहमीच्या ४४० ऐवजी ४३२ हर्ट्झवर लावलेलं संगीत म्हणे शरीर बरं करतं, ४४० घातक. अहो, १४० चं गाणं १३७.५ वर आणलं की ४४० चा सूर आपोआप ४३२ होतो. डीजे लोकांनी हे नकळत हजारो वेळा केलंय, त्याने कुणाचं दुखणं गेलं नाही. पैसे घालवू नका त्यात.

नव्वदच्या दशकात गोव्यात बरेच डीजे डॅट टेपवर (छोट्या डिजिटल कॅसेटवर) वाजवायचे कारण उन्हात तबकड्या वाकायच्या. त्या छोट्या डॅट मशीनवर वेग बदलायची सोयच नसायची, मग एका गाण्याचा बिनठेक्याचा शेवट दुसऱ्याच्या बिनठेक्याच्या सुरुवातीवर अलगद ठेवायचे.

आता की-लॉक आहे, तो आवाजाचे बारीक तुकडे करून परत जोडतो आणि वेग बदलला तरी सूर जागेवर ठेवतो. फार ताणलं तर किकची, म्हणजे ढोलाच्या ठोक्याची, धार जाते, म्हणून गरज नसेल तिथे, बदल १ टक्क्याच्या आत असेल तर, मी तो बंदच ठेवतो. की-लॉक नसताना ६ टक्के बदल असेल तर निदान दुसऱ्या पट्टीचं गाणं शोधता येतं. सगळ्यात वाईट ३ टक्के, तिथे सूर दोन पट्ट्यांच्या मधोमध लटकतो आणि चाकावरचं एकही घर त्याला जुळत नाही.